पप्पांचा उलटा माऊस

२ एप्रिल १९९८, गुरुवार

पप्पांनी माऊस उलटा धरला! वायर पोटाकडे!

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. कॉलेज सुटल्यावर पप्पांच्या प्रेसवर गेले होते, नवा कॉम्प्युटर बघायला. सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले. ट्रेडलचं छपाईयंत्र चालवणारे छगनमामासुद्धा शाईचे हात पुसत उभे. आणि खुर्चीत पप्पा. एकतीस वर्षं उभ्यानं छपाईचे शिशाचे खिळे जुळवलेला माणूस — खुर्चीत कसं बसायचं तेच कळेना, कडेला नुसते टेकलेले.

मालक म्हणाले, "शांतवनभाऊ, शेपूट पुढं धरायचं त्याचं."

पप्पा म्हणाले, "उंदराचं शेपूट मागंच असतंय की."

हशा! पण मी पडद्याकडे बघत होते. माऊस उलटा, म्हणजे हात उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळणार, वर नेला की खाली. दुसरं कुणी असतं तर रडकुंडीला आलं असतं. पप्पांना त्याचं काहीच नाही. दोन मिनिटांत बाण नेमका हवा तिथे. जन्मभर शिशाची अक्षरं उलटी वाचली, त्यांना उलट्याचं काय कौतुक!

मग मालकांनी माऊस सरळ करून हातात दिला आणि सगळं बिघडलं. बोट बटणावर टेकवलं की पप्पांचा हात थरथरतो. दोन-तीन वर्षं झाली, पण खिळे उचलताना चालून जायचं. इथे बाण पडद्यावर नाचायलाच लागला. लागोपाठ दोनदा टिचकी मारायची तर पहिली एका जागी, दुसरी भलतीकडे. सात वेळा केलं. आठव्या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

मालक म्हणजे गहिनीनाथशेठ, माणूस वाईट नाही. म्हणाले, "पंचवीस तारखेला खिळे मोडीत चाललेत. त्या दिवशी माझ्यासमोर एक लग्नपत्रिका ह्या मशीनवर जुळवून दाखवा. खुर्ची तुमची. न्हाईच जमलं तर बायंडिंगला बसा. मी काय तुम्हाला घालवत न्हाई."

बायंडिंगला, म्हणजे दिवसभर कागद दुमडायला. घरी येताना पप्पा सायकलवर बसलेच नाहीत. सायकल हातात धरून चालत होते, मी दुसऱ्या बाजूनं.

तेवीस दिवस आहेत.

३ एप्रिल, शुक्रवार

सुचलं! बसमध्येच सुचलं आणि स्टॉपच चुकले!

हात बदलता येत नाही. माऊस बदलता येतो!

माऊसच्या पोटात एक चिप असते. खालचा गोळा फिरला की ती कॉम्प्युटरला सांगते, इतकं उजवीकडे, इतकं वर. ती बिचारी थरथरसुद्धा प्रामाणिकपणे सांगते. मग तिच्या जागी आपली चिप बसवायची, जिला थरथर ओळखता येईल आणि जी ते आकडे गिळून टाकेल. थरथर म्हणजे काय, पुढे-मागे, पुढे-मागे. खरी चाल एकाच दिशेनं जाते. एवढाच फरक! आमच्या लॅबचे आढाव सर चिपमधल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून चार वर्षं पोरांना तेच जोडून देतेय, घरच्या माणसासाठी नाही करायचं?

आढाव सरांकडे गेले. भंगाराच्या खोक्यात एक मेलेला माऊस होता, तो मागितला. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दया, माऊस बाजारात मिळतो." म्हटलं, "पप्पांचा नाही मिळत." खोकंच पुढे सरकवलं!

चिपा दोन मिळाल्या. चाळीस पायांच्या, पाठीवर काचेची छोटी खिडकी. एक कोरी. दुसरीत मागच्या वर्षीच्या पोरांचा ट्रॅफिक सिग्नल भरलेला. तो पुसायचा तर खिडकीतून अतिनील प्रकाश द्यावा लागतो. लॅबमध्ये त्यासाठी पेटी आहे, पण तिची ट्यूब गेलीय, नवी जूनमध्ये. सर म्हणाले, कडक उन्हात आठवडाभर ठेव, पुसते. श्रीरामपुरात एप्रिलमध्ये ऊन मागायला कुठे जायला नको! गच्चीवर आईनं कुरडया घातल्यात. त्यांच्याच शेजारी, त्याच साडीवर ठेवली. खिडकी आभाळाकडे.

४ एप्रिल, शनिवार

सुट्टी. दिवसभर सोल्डरिंगचे डाग दिले. एवढी चिप माऊसच्या पोटात मावेना, म्हणून साबणाच्या डबीत बसवली. माऊसमधून वायर डबीत, डबीतून कॉम्प्युटरला. दोन पाय एकाच डागात चिकटले, तीनदा! हात नुसता थरथरतोय आनंदानं. हे अक्षर बघा, कोंबडीचे पाय!

पप्पा समोर बसून बघत होते. कामाकडे नाही, माझ्या हाताकडे. "काय पप्पा?"

"काय न्हाई. चहा कमी पीत जा."

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये पप्पा हल्ली शेवटच्या बाकावर बसतात. आज प्रभुभोजन होतं. द्राक्षरसाचा प्याला घ्यायला पुढे गेलेच नाहीत, दाराशी चपला बघत उभे राहिले. आई घरी येऊन कणीक मळता मळता म्हणाली, "ह्यांच्या वडलांचा पण हात असाच हलायचा. लई लाजायचे ते. लोकांला वाटायचं, पेतात."

माझं अर्धं लक्ष प्रोग्रॅममध्ये. उपासनेच्या वहीच्या मागे चार ओळी लिहिल्या. देव माफ करील.

६ एप्रिल, सोमवार

कोऱ्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरला. जोडला. कॉम्प्युटर म्हणतो, माऊस नाही.

कसा नाही? हा काय माझ्या हातात आहे!

७ एप्रिल, मंगळवार

सापडलं!! चालू होताना कॉम्प्युटर दारावर टकटक करतो. कोण आहे? माऊसनं उत्तर द्यायचं, एकच अक्षर, इंग्रजी एम. बस्स. ते ऐकलं की तो ओळखतो. मी सगळं लिहिलं, चाल लिहिली, बटणं लिहिली, आणि 'ओ' द्यायला विसरले!

आता पंचाईत. चिपमध्ये एकदा लिहिलेलं पुसल्याशिवाय बदलत नाही. पप्पांचं बरं असतं, चुकला खिळा चिमट्यानं उपटला, दुसरा बसवला. दुसरी चिप अजून गच्चीवर ऊन खातेय. डोकं धरून बसले. मग आठवलं, पुसता येत नसलं तरी उरलेल्या कोऱ्या जागेत नवीन लिहिता येतं. आणि लिहिलेल्याच्या जागी शून्यं भरता येतात. शून्य आलं की चिप तिथे काही न करता पुढे सरकते. म्हणजे जुन्या सूचनेवर शून्यं मारायची, चिप घसरत कोऱ्या जागेत येईल, आणि तिथे 'एम'!

सर म्हणाले, "हे पुस्तकात नाही." म्हणाले आणि चहा मागवला. दोन कप प्याले. पप्पांना सांगायचं नाही.

८ एप्रिल, बुधवार

हलला! हलला! हलला!

९ एप्रिल, गुरुवार

पप्पांना दुपारी लॅबमध्ये आणलं. धुतलेला सदरा, कंगवा, सगळं. दारात चपला काढायला लागले!

आधी मोजून घेतलं. मी प्रोग्रॅममध्ये एक मोजणी घातलीय. बाण एका ठिपक्यावर स्थिर धरायचा, सेकंदाला हात किती वेळा जाऊन परत येतो तो आकडा पडद्यावर येतो. मी कळफलकावर, माऊस पप्पांच्या हातात. सहा. परत सहा. परत सहा. चांगला हात कसा दिसतो ते बघायला सरांना धरायला दिला, शून्य. एकदा एक आला तर सर म्हणाले, "डास चावला."

किती छान! थरथरीलासुद्धा ताल आहे! सहा म्हणजे सहाच. ज्याला ताल आहे त्याला पकडता येतं. सेकंदाला सहाच्या आसपास जे पुढे-मागे होईल ते गिळायचं, बाकीचं जाऊ द्यायचं.

गिळणारा भाग सुरू केला. बाण नाचायचा थांबला! पप्पांनी दोन-चार वेळा इकडे-तिकडे फिरवला आणि मान हलवली.

"चिखलात चालल्यावानी वाटतंय, दया. पाय उचलतो मी आत्ता, आन् पडतो लई उशिरा."

खरं आहे. थरथर गिळताना मी चालसुद्धा गिळतेय. आणि टिचकी अजून चुकतेच. बोट खाली दाबताना हात सगळ्यात जास्त उडतो. तिथेच घोडं अडलंय.

त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कागद दुमडनं पण कामच हाय." मी भांडले. रस्त्यात, मोठ्यानं! लोक बघत होते.

१० एप्रिल, गुड फ्रायडे

तीन तास उपासना. मन लावून ऐकली, खोटं कशाला. दुपारी घरी मेलेला दुसरा माऊस (खोक्यात दोन होते) टेबलावर ठेवून विचार करत होते. पप्पा आले, बसले, सवयीनं माऊस हातात घेतला — उलटा. वायर पोटाकडे. टेबलावर फिरवत बसले.

आणि टिक् टिक् आवाज आला.

बोटं तर वायरीच्या विरुद्ध टोकाला, पुढे. तिकडे बटणंच नाहीत. मग टिक् टिक् कुठून? उलटा धरला की बटणं येतात मनगटाजवळ. पप्पा तळहाताच्या टाचेनं दाबत होते! मनगट टेबलावर टेकलेलं. हात तसूभर हलत नव्हता.

"पप्पा, परत करा." टिक् टिक्. "परत." टिक् टिक्. "पप्पा, तुमचं बरोबर होतं! पहिल्या दिवसापासून बरोबर होतं! आम्हीच सरळ केला आणि बिघडवला!"

आई आतून ओरडली, "आजच्या दिवशी तरी हळू बोला!"

पप्पा म्हणाले, "मी काय केलं?" मी त्यांच्या हाताचा मुका घेतला.

११ एप्रिल, शनिवार

सर सुट्टीच्या दिवशी लॅब उघडायला आले. आठ दिवस ऊन खाल्लेली चिप मी आनंदात घेऊन गेले. तपासली, आणि ट्रॅफिक सिग्नल जसाच्या तसा!

असं कसं? श्रीरामपूरचं ऊन, आठ दिवस! घरी येऊन आईला विचारलं, गच्चीवरची ती काळी वस्तू कुणी हलवली का. आई म्हणाली, "हलवली न्हाई. परतली. दुसऱ्याच दिवशी. कुरडया परतल्या तवा तुझा त्यो किडा पन परतला. एकाच अंगानं वाळल्यावर कसं चालंल?"

सात दिवस चिपची पाठ साडीकडे आणि पाय आभाळाकडे! पाय मात्र मस्त वाळले. चिडावं की हसावं! बसले गच्चीच्या पायरीवर आणि पोट धरून हसले. मग थोडं रडलेपण. चौदा दिवस राहिलेत, आणि पुन्हा आठ उन्हात गेले तर काय उरणार?

आईला वाईट वाटलं असावं. हात पुसत आली. "ऊन कशाला पायजे त्याला?" म्हटलं, जंतू मारायची निळी ट्यूब असते, तसला उजेड हवा. तर म्हणाली, "मग गोजरबाईच्या आपरेशन खोलीत हाय की तसली! ती लावून दार लावून घेती, कुनाला आत जाऊ देत न्हाई."

गोजरबाई मावशी! दवाखान्यात आया आहेत, चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसतात! दर रविवारी त्यांची वेणी बघते मी!

संध्याकाळी डॉक्टरांची परवानगी काढून मावशींनी चिप स्टीलच्या ट्रेमध्ये आत ठेवली, ट्यूबच्या अगदी जवळ. दार बंद. मावशींनी मला विचारलं, "ह्याला काय झालंय?" म्हटलं, "आठवण पुसायचीय." म्हणाल्या, "आमच्या मानसाची पुसून दे थोडी." अर्ध्या तासानं बाहेर आली. लॅबवर परत पळत. कोरी! कोरी! साफ कोरी!

१२ एप्रिल, ईस्टर

प्रभू उठला आहे! (चिपसुद्धा.)

१४ एप्रिल, मंगळवार

सुट्टी होती. दोन दिवस बसून नवा प्रोग्रॅम वहीत लिहून काढला. यावेळी घाई नाही. पप्पांच्या हातासाठी, पहिल्यापासून.

माऊस उलटाच धरायचा, म्हणून दोन्ही दिशांचे आकडे फिरवून टाकले. अधिकचा उणे, उण्याचा अधिक. दोनच ओळी! आता बाण हाताबरोबर जाईल. पप्पांना उलटंही चालतं, पण मालकासमोर बाण सरळच गेला पाहिजे. बटण कुठलंही दाबलं तरी डावंच समजायचं. टाचेला डावं-उजवं काय कळणार. आणि बटण दाबलं की पाव सेकंद चाल बंद, बाणानं जागेवर गोठायचं. थरथर आता थोडीच गिळायची, कारण मनगट टेकलंय. चिखल कमी.

लॅबमध्ये नाही भरलेला अजून. पण मला माहीत आहे चालणार.

१५ एप्रिल, बुधवार

चालला. पहिल्या फटक्यात. सरांनी उभं राहून हात मिळवला.

मी स्वतः तासभर खेळत बसले. माझ्या हाताला पण काय मस्त बसतो हा! लॅबचा साधा माऊस आता नुसता दगड वाटतो. बाण कसा लोण्यातून जातो. आपलं काम म्हणून नाही, खरंच!

१८ एप्रिल, शनिवार

प्रेसवर बसवला. माऊस, साबणाची डबी, विजेचा अ‍ॅडॅप्टर. छगनमामा डबीचा वास घेऊन म्हणाले, "चंदनाचा हाय." मालकांनी लांबूनच बघितलं. "हे डबडं काय लावलंय माझ्या नव्या मशीनला? पेटलं-बिटलं तर?" म्हटलं, पेटलं तर मी नवा भरून देईन. कशातून देणार, देवाला ठाऊक.

पप्पांनी हात ठेवला. टाच टेकवली. दोन टिचक्या. पान उघडलं.

पप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता चिखल न्हाई."

(आज बसमध्ये उभ्यानं लिहितेय, म्हणून ही अक्षरं अशी.)

२१ एप्रिल, मंगळवार

रोज काम संपल्यावर तासभर सराव. मराठी कळफलक पप्पांनी टाईपकेसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांसारखा पाठ केला. डोळे मिटून कुठल्या खणात 'क्ष' आहे सांगणारा माणूस, त्याला हे काय जड! आज पहिली पत्रिका छापून काढली. पप्पांनी कागद हातात घेतला आणि उलटा धरून वाचायला लागले. अक्षरांचे पाय वर, डोकं खाली. "सरळ धरा की," म्हटलं. म्हणाले, "सरळ वाचलं की अर्थ दिसतो. उलटं वाचलं की चूक दिसती." आणि दाखवली! 'शुभविवाह'मधला काना गायब!

ऑफसेट, लेसर, काय वाटेल ते येवो. हा माणूस लागणारच.

२४ एप्रिल, शुक्रवार

उद्या. मीच घाबरलेय. पप्पा शांत. अंगणात दाढी करताना गालाला दोन ठिकाणी कापलं, तेवढंच.

२५ एप्रिल, शनिवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर फुटेन!

दहाला पोचलो. बाहेर भंगाराचा टेम्पो उभा. मालकांच्या हातात एका गिऱ्हाईकाची खरी पत्रिका, सोनई गावचं लग्न, आप्तेष्टांची यादी हातभर. "ही जुळवा. बारापर्यंत."

पप्पा बसले. हात माऊसकडे गेला आणि मालकांनी तो उचलून बाजूला ठेवला. कंपनीचा माऊस पुढे सरकवला. सरळ.

"ह्याच्यावर," म्हणाले. "राग मानू नका, शांतवनभाऊ. पोरीनं कष्ट घेतलेत, दिसतंय. पन उद्या ते डबडं बंद पडलं, ती सासरी गेली, तर माझं काम कुनी करायचं? ज्यानं त्यानं आपापला माऊस आनायचा म्हटल्यावर प्रेस कसा चालंल?"

त्यांचं चूक नव्हतं. डोळ्यांसमोर पप्पा कागद दुमडताना दिसायला लागले.

पप्पा उठले. वाटलं, निघाले. पण ते आपल्या टाईपकेसपाशी गेले आणि खालच्या खणातून स्टिक काढून आणली. पितळेची, कडा झिजून चकचकीत झालेली. खिळ्यांची ओळ हिच्यातच लावायची. एकतीस वर्षं त्यांच्या डाव्या हातात होती ती. टेबलावर ठेवली.

"मालक, ही कुनाची?"

"तुमची."

"प्रेसमध्ये चार जुळारी हुते तवा, कुनी दुसऱ्याची स्टिक कधी उचलली?"

बाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण मी या प्रेसमध्ये फ्रॉक घालून खेळलेय, मला माहीत आहे. जुळाऱ्याची स्टिक दुसऱ्यानं धरायची नाही. ओळीची रुंदी ज्यानं त्यानं आपल्या अंगठ्यानं बसवलेली असते. मालकांचे वडील स्वतः जुळारी होते. त्यांची स्टिक गल्ल्याच्या वर भिंतीवर टांगलेली आहे, दसऱ्याला तिला झेंडू घालतात.

"तुमच्या वडलांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, खिळे प्रेसचे, केस प्रेसची, शाई प्रेसची. स्टिक तेवढी तुझी. जपायची तू, मोडली तर सुधरायची तू." पप्पांनी माऊसवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं आणि पप्पांनी ते लपवलं नाही. "ही माझी आत्ताची स्टिक. मोडली तर मी बघतो. मशीन तुमचं."

मालकांनी वर गल्ल्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातानं कंपनीचा माऊस काढला आणि डबी परत जोडली. उलटी जोडत होते, मी पुढे होऊन नीट केली.

साडेअकराला पत्रिका तयार! वेळेआधी अर्धा तास! पप्पांनी छापलेला कागद उलटा धरला, वाचला, आणि म्हणाले, "मालक, गिऱ्हाईकाला इचारा. वराच्या आत्याचं नाव दोनदा आलंय."

खरंच दोनदा होतं. गिऱ्हाईकाच्याच कागदात! मालक हसायलाच लागले. "बसा," म्हणाले. "बसा नीट. खुर्ची पूर्ण वापरा."

आणि पप्पा मागे टेकून बसले. पूर्ण.

मग खिळे टेम्पोत गेले. पोत्यांनी. छगनमामा आत निघून गेले, त्यांना बघवेना. पप्पा शेवटपर्यंत उभे होते. स्टिक घरी आणलीय, आईनं पदरानं पुसून कपाटात ठेवली. आज दोन्ही गोष्टी झाल्या, आनंद आणि ते. पण आनंद जास्त! कितीतरी जास्त!

२६ एप्रिल, रविवार

पप्पा चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर. गोजरबाई मावशींच्या शेजारी! मावशींनी मागे वळून मला विचारलं, "त्याची आठवण परत आली का?"

२८ एप्रिल, मंगळवार

सर म्हणतात, पोरांना हे सगळं दाखवायचं. दवाखान्यातल्या ट्यूबपासून! गुरुवारी माझा तास! माझा! पाटीवर माझं नाव! थरथर मोजायचा प्रोग्रॅम पण दाखवणार, एक हात कसा दिसतो आणि दुसरा कसा. सुरुवातीची, आता रिकामी पडलेली चिप मावशींकडून पुसून आणली, तिच्यात फक्त मोजणी भरीन.

३० एप्रिल, गुरुवार

तासाआधी तपासून घेतलं. पप्पा नव्हते, म्हणून माऊस मीच धरला. सहा.

वाटलं, प्रोग्रॅम चुकला. वायर बघितली. सहा. सरांच्या हातात दिला, शून्य. परत माझ्या. पाच. सहा. सहा.

घरी येऊन ही वही मागपर्यंत चाळली. हात हलल्याची कारणं सगळीकडे मीच लिहिलीत. आनंदानं, चहानं, बसनं.

कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी पप्पांना चहा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, मी लगेच सोडला नाही. बशी वाजत होती. कुणाच्या हातानं, सांगता आलं नसतं. पप्पा बशीकडेच बघत म्हणाले, "उरलेली चिप ठेवलीस ना, तुला?"

"हाय," म्हटलं.